१८० अंशांवर उरणारे काही सेकंद

त्रिकोणाचे दोन कोन ठाऊक असले की तिसरा काढण्यास वजाबाकी पुरते, हा शालेय नियम पृथ्वीच्या पाठीवर टिकत नाही. उत्तर ध्रुवावरून एकमेकांपासून ९० अंश दूर असलेली दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत उतरवून पाहावीत. जो त्रिकोण सिद्ध होतो त्याचे तिन्ही कोन काटकोन असतात. बेरीज २७० अंश!

१८० च्या वर उरणाऱ्या या मापाला गोलीय आधिक्य म्हणतात. ते त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते; पृथ्वीवर सुमारे १९७ चौरस किलोमीटरला एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. प्रत्येक बाजू ५० किलोमीटरची धरली, तरी आधिक्य जेमतेम साडेपाच सेकंद भरते. शेताची मोजणी करणाऱ्याने त्याची फिकीर करण्याचे कारण नाही.

विल्यम लॅम्ब्टनला मात्र ती करणे भाग होते. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजून त्याने दक्षिण हिंदुस्थानावर त्रिकोणांचे जाळे पसरण्यास आरंभ केला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला, तेव्हा लॅम्ब्टनने कित्येक आठवडे खपून तो स्वतः दुरुस्त केला.

एवढा अट्टहास कशासाठी? तिन्ही कोन मोजले, तरी प्रत्येकात थोडी चूक राहतेच. ती किती, हे बेरजेवरून कळते. पण बेरीज १८० शी नव्हे, १८० अधिक आधिक्य यांच्याशी ताडावी लागते. आधिक्य विसरले, तर पृथ्वीची गोलाई निरीक्षकाच्या माथी चूक म्हणून मारली जाते. येथे एक गमतीदार पेच आहे. आधिक्यासाठी क्षेत्रफळ हवे, क्षेत्रफळासाठी बाजू हव्यात आणि बाजू तर कोनांवरूनच काढायच्या! सुटका अशी की आधिक्य इतके अल्प असते की सपाट त्रिकोण मानून काढलेले ढोबळ क्षेत्रफळही त्याला पुरते. मग दुर्गम शिखरावरचा न मोजता आलेला कोनही हाती येतो: १८० मध्ये आधिक्य मिळवावे आणि मोजलेले दोन्ही कोन वजा करावेत. बाजूंसाठी फ्रेंच गणिती लजांद्र याने १७८७ साली सुरेख युक्ती दिली होती. प्रत्येक कोनातून आधिक्याचा एक तृतीयांश वजा करावा आणि पुढे नेहमीचे सपाट त्रिकोणाचे गणित करावे.

२० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. गोलीय त्रिकोणमिती जाणणारा गणिती त्याला हवा होता. १८३१ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला राधानाथ सिकदर हा तरुण दरमहा ३० रुपयांवर रुजू झाला. पुढे तो सर्वेक्षणाचा मुख्य गणक झाला.

१८५१ साली सर्वेक्षणाची अधिकृत मार्गदर्शिका छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत सिकदरांच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख होता. १८७० साली सिकदर वारले. १८७५ च्या आवृत्तीत त्यांचे गणित राहिले, प्रस्तावनेतले नाव मात्र गळाले.