प्रत क्रमांक तीन

घरात एखादा मराठीचा प्राध्यापक असला म्हणजे नातेवाइकांची मोठी सोय होते. लग्नपत्रिकेचा मजकूर, मंगलाष्टके, साठीचे मानपत्र, झालेच तर वर्तमानपत्रात द्यायची दुःखद निधनाची चार ओळींची जाहिरात, सारे त्याच्याकडून फुकटात लिहून मिळते. गेली वीस वर्षे हे काम मी निमूटपणे करीत आलो आहे. एका मंगलाष्टकात वधूच्या आत्याचे नाव राहून गेले, त्या घराशी आमचे जाणेयेणे अजून बंद आहे. परंतु गेल्या पौषात माझा भाचा जे काम घेऊन आला, तसले काम आमच्या घराण्यात आजवर कोणी कोणाला सांगितले नसेल.

"मामा, मला एक करारनामा लिहून दे," तो म्हणाला.

माझ्या पोटात धस्स झाले. करारनामा म्हटले की मला वाटण्या आठवतात.

"कसला रे?"

"माझ्या सॉफ्टवेअरचा. लायसन्स अ‍ॅग्रीमेंट. पण मराठीत हवं, माणसांना कळेल असं."

या भाच्याविषयी थोडे सांगायला हवे. चांगली पगाराची नोकरी सोडून त्याने दोन वर्षे ताईच्या मागच्या खोलीत बसून लहान वाचनालयांसाठी एक प्रोग्राम तयार केला. पुस्तकांची दाखलनोंद, देवघेव, वर्गणी, अनामत, कोणती कादंबरी कोणाच्या घरी किती दिवस अडकून पडली आहे, हे सारे त्यात मराठीत दिसते. किंमत चार हजार रुपये. "पगार सोडून हा लोकांची पुस्तकं मोजत बसलाय," असे ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही असतो.

"विक्री कशी काय?" मी विचारले.

"चौदा वाचनालयांनी विकत घेतलाय. आणि अडलं की मला फोन करणारी वाचनालयं आहेत एकतीस."

मी गणितात कच्चा आहे, पण ही वजाबाकी मलाही जमली. सतरा वाचनालये पैसे न देता प्रोग्राम वापरीत होती, आणि तो बिघडला की त्याच्या कर्त्यालाच बोलावीत होती! चोराने घरात शिरावे आणि दिवा लागत नाही म्हणून मालकाला उठवावे, तशातलीच ही गत.

भाच्याने इंग्रजी मसुदा बरोबर आणला होता. अकरा पाने. तो कुठला, असे विचारताच तो जरा घुटमळला. दुसऱ्या कोणाच्या तरी सॉफ्टवेअरमधून त्याने तो जसाच्या तसा उचलला होता. चोरी होऊ नये म्हणून करायचा करारच चोरीचा! शेवटच्या कलमात तर वाद उपस्थित झाल्यास तो कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात चालेल, असे लिहिले होते. आमच्या तालुक्याचा एखादा ग्रंथपाल चार हजारांच्या दाव्यासाठी कॅलिफोर्नियाच्या कोर्टाची पायरी चढतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून मी बराच वेळ हसलो.

मग मी माझा मसुदा लिहायला घेतला. "सदरहू लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या पूर्वसंमतीवाचून" अशी दमदार सुरुवात केली आणि रात्री दोनपर्यंत बसून सात पाने भरली. सकाळी सौ.ने अर्धे पान वाचले आणि भाजी निवडायला घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. पुढे एखाद्याने घर लिहून मागितलं असतं तरी मी सही केली असती. वाचवतंय कुणाला?"

तिचे म्हणणे अगदीच विनोदाचे नव्हते. इंग्लंडातल्या एका दुकानाने २०१० सालच्या १ एप्रिलला आपल्या विक्रीच्या अटींत असे कलम घातले होते, की गिऱ्हाइकाने आपला अमर आत्मा दुकानाच्या हवाली करावा. हे अमान्य असेल त्याने अमुक जागी खूण करावी, अशी सोयही ठेवली होती. तरी सुमारे साडेसात हजार माणसे आपापले आत्मे देऊन मोकळी झाली! न वाचता "मान्य" म्हणणे ही आता साऱ्या जगाचीच सवय झाली आहे.

दुसरा मसुदा मी आखूड केला, पण त्याला धाक घातला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. संगणकाचे प्रोग्राम १९८४ मध्ये त्याच्या कक्षेत आले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्यात ६३-ब हे कलम घातले. प्रत चोरीची आहे हे ठाऊक असून ती संगणकावर चालवणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड! वापर लाभासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, हे त्याच कलमात पुढे म्हटले आहे. ते मात्र मी सोयीस्करपणे गाळले. भाच्याने मसुदा वाचला.

"मामा, आपल्या गावच्या ग्रंथपालांना तू आत टाकणार?"

ते ग्रंथपाल माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी तीन तास बसतात, आणि शाळेतल्या पोरांना उशिराचा दंड स्वतःच्या खिशातून भरून देतात. मी मसुदा मुकाट्याने बाजूला ठेवला.

"मग कुलूपच पक्कं घाल की," मी म्हणालो.

तेही त्याने करून पाहिले होते. प्रोग्राम ज्या यंत्रावर पहिल्यांदा चालेल त्याच यंत्राशी तो बांधून टाकायचा. पण पैसे भरलेल्या एका वाचनालयाचा संगणक ऐन वार्षिक पडताळणीत जळला, नव्यावर प्रोग्राम उघडेना, आणि सहा हजार पुस्तके हाताने मोजावी लागली. चोरून वापरणाऱ्यांनी मात्र ते कुलूप आठवड्यात काढले होते. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी आपल्या वैद्यकीय प्रोग्रामच्या चोरट्या प्रती कळाव्यात म्हणून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, एक छोटी युक्ती केली आणि तीत आपले नाव, पत्ता, टेलिफोन नंबरही घातला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात ती देशोदेशी पसरली. "ब्रेन" या नावाने ओळखला जाणारा संगणकाचा विषाणू तो हाच! चोर पकडायला सोडलेले कुत्रे गावभर चावत सुटावे, तसा हा प्रकार.

खरे सांगायचे तर नक्कल करणे हे पाप आहे असे आपल्या मनात मुळी नाहीच. छापखाने नव्हते तेव्हा पोथीची नक्कल करून देणे हे पुण्यकर्म होते. लिहिणारा शेवटी एवढेच विनवी, की या पोथीला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. जगातला सर्वांत छोटा परवाना-करार तो हाच असावा. छापखाने आले आणि जुन्या मराठी पुस्तकांवर १८६७ च्या आक्टाप्रमाणे सर्व हक्क राखून ठेवल्याची ओळ दिसू लागली. आक्ट आला, पण मन पोथीच्याच काळात राहिले. माझ्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती कॉलेजच्या फाटकासमोर वीस रुपयांना मिळतात. त्यावर मी एकदा संपूर्ण तास रागावलो होतो. तो रागही मुलांनी टिपून घेतला!

तिसऱ्या मसुद्यात मी एकच वाक्य लिहिले: "ही प्रत दुसऱ्या कोणासही देऊ नये." आणि भाच्याला विचारले, "पण दिली तर ती कोणी दिली हे तुला कळणार कसं?"

"कळतं," तो म्हणाला. "प्रत्येक प्रतीला नंबर आहे. वर्गणीच्या पावतीच्या तळाशी तो बारीक छापला जातो." फुकट वापरणाऱ्या वाचनालयांनी तक्रारीबरोबर पाठवलेल्या पावत्यांची छायाचित्रे त्याने छापून आणली होती. ती सतरा पाने त्याने टेबलावर ठेवली आणि "मामीला चहाला मदत करतो," असे म्हणून तो आत गेला.

मी चष्मा लावून पाहू लागलो. प्र. ८. प्र. ३. प्र. ३. प्र. ११. पुन्हा प्र. ३. सतरांपैकी नऊ पावत्यांवर तीनचा आकडा होता.

प्रत क्रमांक तीन माझी होती.

प्रोग्राम नवा होता तेव्हा त्यातले मराठी तपासायला म्हणून त्याने ती मला दिली होती. आषाढात आमच्या विभागातले एक सहकारी म्हणाले, "सर, भाच्याचं काम आमच्या गावच्या वाचनालयाला दाखवू या की. तुमच्या घरचंच तर आहे." सातारा जिल्ह्यातले त्यांचे गाव, वाचनालय त्यांच्या वडिलांनी उभे केलेले. कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? मी पेनड्राइव्ह दिला. शिवाय वर "सावकाश द्या परत" असेही म्हणालो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने भीक मात्र भाच्याला मागायला लावली होती.

चहा आला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. कपातला चहा निवेपर्यंत मी ढवळीत राहिलो. वर्गात पन्नास मिनिटे न अडखळता बोलणारा मी, "ती मी दिली" हे तीन शब्द मला मोठ्या कष्टाने उच्चारावे लागले.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "रागावलो होतो. फार. नऊ वाचनालयं म्हणजे छत्तीस हजार, मामा. आई विचारायची, महिन्याचं काय मिळालं म्हणून."

मी काय बोलणार? थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "एक सांग. त्या वेळी तुला वाटलं होतं का, की आपण चोरी करतोय?"

"नाही. मला एवढंच वाटलं, की नाही कसं म्हणू."

आणि इथेच आमच्या कराराला वाट सापडली. चोरासाठी करार लिहून उपयोग नाही. तो वाचीतच नाही. करार लिहायचा तो माझ्यासारख्या भिडस्त माणसासाठी. त्याला हद्द कुठे आहे ते सांगायचे, आणि कोणी मागितले तर नाही म्हणायला एक सोपे वाक्य हातात द्यायचे.

१९७६ च्या फेब्रुवारीत तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक रागाचे उघडे पत्र लिहिले होते. आमचे बेसिक वापरता, पण अल्टेअर संगणकाच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ते विकत घेतले आहे. आमच्या श्रमाची किंमत ताशी दोन डॉलरसुद्धा पडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती खरीच होती. पण भाच्याने मला दुसरे एक उदाहरण सांगितले, ते मला अधिक आवडले. १९८३ साली बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणले, अवघ्या ४९ डॉलर ९५ सेंटांना. त्या कंपनीच्या परवान्यात म्हटले होते, की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वागवा. कितीही जणांनी वापरा, या यंत्रावरून त्या यंत्रावर न्या. फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी ते वापरले जाणार नाही एवढे पाहा. पुस्तक एकाच वेळी दोघे दोन घरी वाचू शकत नाहीत, तसेच.

वाचनालयाला याहून सोपी भाषा कोणती? आम्ही दोघे त्याच रात्री बसलो आणि एका पानात करार संपवला. त्याचा मतितार्थ असा:

हा प्रोग्राम आम्ही आपल्या वाचनालयाला वापरायला दिला आहे. मालकी कर्त्याची आहे. तो पुस्तकासारखा वागवावा: एका वेळी एका ठिकाणी. संगणक बिघडेल या भीतीने एक जादा प्रत जरूर जपून ठेवावी; तो हक्क आपल्याला कायद्यानेच दिला आहे. दुसऱ्या वाचनालयाने मागितल्यास आपली प्रत देऊ नये. एक महिना मोफत चालणारी वेगळी प्रत आम्ही देतो, ती खुशाल द्यावी. आपल्या नोंदी आपल्याच आहेत. प्रोग्राम बंद केला तरी त्या आपल्याला मिळतील. चूक निघाल्यास दुरुस्त करून देऊ. मात्र नुकसानीची आमची जबाबदारी भरलेल्या किमतीपुरतीच राहील. वाद झाल्यास आधी फोन करावा, मग पुण्याचे न्यायालय आहेच.

शिवाय पावतीच्या माथ्यावर आता वाचनालयाचे नाव ठळक छापले जाते, आणि ते बदलता येत नाही. दुसऱ्या गावाच्या नावाची पावती सभासदाच्या हाती द्यायला कोणाही सेक्रेटरीला कसेसेच होते. सात पानांच्या धाकाने झाले नसते ते काम ती एक ओळ करते.

दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्यांकडे गेलो. ते क्षणभर गोरेमोरे झाले. "अहो, आधीच बोलायचं नाही का? मला वाटलं, घरचंच आहे." पुढे त्यांनीच आठ ठिकाणी फोन केले. नऊ वाचनालयांपैकी पाचांनी पैसे पाठवले. त्यांत त्यांचे गाव पहिले. दोघांचा विषय कार्यकारिणीच्या पुढल्या सभेत आहे, आणि ती सभा गणसंख्येअभावी दोनदा तहकूब झाली आहे. उरलेली दोन अजून गप्प आहेत. ताईने पाचांचा हिशेब मला दोनदा ऐकवला.

परवा दिवाळीच्या सुट्टीआधी तेच सहकारी स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या मेहुण्याने शिकवण्यांच्या हिशेबाचा कसलासा प्रोग्राम केला होता. "सर, तुम्ही तो करार फार सुरेख लिहिलाय. त्याचीच एक झेरॉक्स द्याल का? नुसती नावं बदलून घेऊ."

कराराचा कागद माझ्या पिशवीतच होता. हात पिशवीकडे गेलाही. मग म्हणालो, "भाच्यासाठी लिहिलाय. त्याला विचारून सांगतो."