तापाच्या दिवसांतली टिपणे

१. नागपूर, १९६५. चिकुनगुन्या-डेंग्यूची साथ. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रुग्णांचे रक्त तपासले. दोघांच्या रक्तात वेगळाच विषाणू निघाला. तिथल्या वस्तीचे नाव त्याला मिळाले : चांदीपुरा.

२. बार्शी, १९७३. चिकुनगुन्याची साथ. पुढे सुमारे तीस वर्षे देशात मोठी साथ नाही. २००६ मध्ये लाखो माणसे सांधे धरून बसली. शांततेच्या वर्षांतही नमुने घेत राहावे लागतात.

३. बेलसर, तालुका पुरंदर, जुलै २०२१. गावात घरोघर ताप. नमुन्यांत चिकुनगुन्या, डेंग्यू. आणि पन्नाशीच्या एका बाईंच्या नमुन्यात झिका. महाराष्ट्रातला पहिला.

४. चांदीपुरा पसरवते ती वाळूमाशी. डासाहून लहान, फार लांब उडत नाही. मातीच्या भिंतीतली भेग, गोठ्यातली ओल ही तिची जागा. भेगा लिंपणे हेही साथनियंत्रणच.

५. आंध्र प्रदेश, २००३ : चांदीपुराने ३२९ मुले आजारी, १८३ दगावली. गुजरात, २०२४ : पुन्हा मुलेच. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी. कित्येकदा दोन दिवसांत सगळे संपते. लस नाही, खास औषध नाही. तालुक्याच्या गावापासून अतिदक्षता विभाग किती दूर, यावर मूल वाचणे अवलंबून.

६. डेंग्यूची एनएस-१ चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत. त्यानंतर आयजीएम. ताप कधी आला हेच नोंदवले नसेल, तर ‘निगेटिव्ह’ अहवालावर भरवसा ठेवता येत नाही.

७. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या पिंपाच्या कडेला कित्येक महिने तगतात. नुसते पाणी ओतून टाकून भागत नाही. कडा घासाव्या लागतात.

८. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस : सगळी पिंपे रिकामी.

९. जिथे नळाला चार दिवसांनी पाणी येते, तिथे पिंपे भरलेलीच राहणार. डेंग्यू हा पाणीपुरवठा खात्याचाही विषय आहे.

१०. धूरफवारणीने उडते डास मरतात, अळ्या नाही.

११. शंभर घरे तपासली, तर किती घरांत अळ्या? याला हाउस इंडेक्स म्हणतात. रुग्णांच्या आकड्याइतकाच हाही आकडा दर आठवड्याला वॉर्डात लावला पाहिजे.

१२. आशाताई टॉर्च घेऊन टाकी बघायला आल्या, तर दार उघडा. घरात ताप आला, तर पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.