केटी हुरादो : दुसरीला नाकारून उघडलेले दार

१/
१९५४ साली प्रदर्शित झालेल्या 'ब्रोकन लान्स' या वेस्टर्न चित्रपटात २४ वर्षांच्या रॉबर्ट वॅग्नरच्या आईची भूमिका करणारी अभिनेत्री त्याच्याहून अवघी सहा वर्षांनी मोठी होती. तिचे नाव केटी हुरादो. याच भूमिकेसाठी तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. मेक्सिकन अभिनेत्रीच्या वाट्याला आलेले ते पहिलेच नामांकन.

२/
ही भूमिका मुळात तिच्यासाठी योजलेली नव्हती. ती योजली होती दोलोरेस देल रिओ हिच्यासाठी. मूकपटांच्या काळात हॉलिवूड गाजवून १९४०च्या दशकात मायदेशी परतलेली ही थोर अभिनेत्री तेव्हा पन्नाशीला टेकलेली होती आणि या मातेच्या भूमिकेला वयाने शोभणारी होती. परंतु अमेरिकी सरकारने तिला देशात येऊन काम करण्याची परवानगी नाकारली.

३/
कारण होते संशयाचे. स्पेनमधील यादवी युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीपासून जीव वाचवून आलेल्या हजारो निर्वासितांना मेक्सिकोने आश्रय दिला होता. अशा निर्वासितांना साहाय्य करणे म्हणजे कम्युनिस्टांची पाठराखण, असे समीकरण शीतयुद्धाच्या त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये रूढ झाले होते. देल रिओवर हाच ठपका आला. एकीसाठी बंद झालेले दार दुसरीसाठी उघडले ते असे.

४/
हुरादोचे चरित्र 'मेक्सिकोतून हॉलिवूडला गेलेली यशस्विनी' एवढ्यावर संपवले जाते, तेव्हा हा भाग गळून पडतो. तिच्या दोन सर्वांत गाजलेल्या अमेरिकी चित्रपटांवर त्या संशयकाळाची छाया आहे. त्या राजकारणाशी तिचा स्वतःचा संबंध नव्हता. पण तिला मिळालेली जागा त्यानेच आखून दिली होती. त्या जागेत उभे राहून तिने काय केले, हे मात्र सर्वस्वी तिचे.

५/
मारिया क्रिस्तिना एस्तेला मार्सेला हुरादो गार्सिया हे तिचे पूर्ण नाव. जन्म १६ जानेवारी १९२४. घरच्यांचा विरोध पत्करून ती १९४३ साली 'नो मातारास' या चित्रपटातून पडद्यावर आली. तो मेक्सिकन चित्रपटाचा सुवर्णकाळ होता. मारिया फेलिक्स, पेद्रो आर्मेन्दारिस, पेद्रो इन्फान्ते ही नावे स्पॅनिश बोलणाऱ्या साऱ्या जगात दुमदुमत होती.

६/
१९४८चा 'नोसोत्रोस लोस पोब्रेस', म्हणजे 'आम्ही गरीब', हा मेक्सिकोतील सर्वाधिक लोकप्रिय चित्रपटांपैकी एक. त्यात हुरादो आहे. पण तिच्या पात्राला नाव नाही. श्रेयनामावलीत तिची ओळख 'उशिरा उठणारी' एवढीच. चाळवजा वस्तीतील एका मोहक, बदनाम स्त्रीसाठी दिग्दर्शक इस्माएल रोद्रिगेसला याहून अधिक ओळख आवश्यक वाटली नाही.

७/
घर चालवण्यासाठी ती वृत्तपत्रांत चित्रपटांवर स्तंभ लिही आणि बुलफाइटची समीक्षाही करी. त्या रिंगणाच्या प्रेक्षागृहातच अमेरिकी दिग्दर्शक बड बेटिकरची नजर तिच्यावर पडली. बेटिकर स्वतः मेक्सिकोत बुलफाइट शिकलेला. त्याच्या 'बुलफायटर अँड द लेडी' (१९५१) या चित्रपटात तिला भूमिका मिळाली. इंग्रजी तिला जवळजवळ येत नव्हते. संवाद तिने केवळ ध्वनी कानात साठवून पाठ केले.

८/
पुढच्याच वर्षी आला फ्रेड झिनेमनचा 'हाय नून'. गॅरी कूपरने रंगवलेला मार्शल केन एका लहानशा गावात खुनी टोळीची वाट पाहत एकटा उभा आहे. ज्यांचे त्याने रक्षण केले, ते सारे एकेक करून मागे सरतात. या गावात हेलन रामिरेस नावाची मेक्सिकन स्त्री राहते. गावातील दारूचा गुत्ता तिच्या मालकीचा आहे, एका दुकानातही तिचे भांडवल आहे.

९/
त्या काळच्या वेस्टर्नमध्ये मेक्सिकन स्त्री म्हणजे नर्तकी, मोलकरीण किंवा पार्श्वभूमीला रडणारी विधवा. हेलन व्यवहार करते, हिशेब समजते, गाव सोडायचे ठरल्यावर आपला वाटा विकून मोकळी होते. केन एके काळी तिचा प्रियकर होता. एका प्रसंगी ती दोघे क्षणभर स्पॅनिशमध्ये बोलतात. खाली अनुवाद नाही. ज्याला भाषा कळते त्याला कळावे, बाकीच्यांनी चेहरे वाचावेत.

१०/
आणि चेहरा वाचण्यासारखाच होता. केनच्या नवविवाहित पत्नीच्या भूमिकेत ग्रेस केली आहे : गोरी, शुभ्रवस्त्रा, हिंसेला विरोध करणारी. तिच्यासमोर काळ्या पोशाखातली हेलन. पटकथा या दोघींना सवती म्हणून झुंजवत नाही. पतीला सोडून निघालेल्या तरुण पत्नीला हेलन खडसावते. तो आपला पुरुष असता तर आपण त्याच्या बाजूने उभ्या राहिलो असतो, असे सुनावते.

११/
हा चित्रपट लिहिणाऱ्या कार्ल फोरमनला १९५१ साली, चित्रीकरण चालू असतानाच, 'अमेरिकाविरोधी' कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने साक्षीला बोलावले. सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्याने नकार दिला. हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेल्यावर तो इंग्लंडला निघून गेला. संकटात एकट्या पडलेल्या मार्शलची कथा त्याच्याच अनुभवातून उमटली आहे, असे तेव्हापासून मानले जाते.

१२/
या भूमिकेने हुरादोला गोल्डन ग्लोब मिळवून दिला. हा मान मिळवणारी ती पहिली लॅटिन अमेरिकी अभिनेत्री. मायदेशी लुईस बुन्युएलच्या 'एल ब्रुतो'मधील पालोमाने तिला मेक्सिकोचा आरिएल पुरस्कार दिला. म्हातारा घरमालक पती आणि त्याचा राकट हस्तक यांच्यामधली ती धगधगती स्त्री पाहिली, की हॉलिवूडने तिच्या सामर्थ्याचा किती लहान भाग वापरला ते ध्यानात येते.

१३/
कारण 'हाय नून'नंतर हॉलिवूडने तिच्यासाठी हेलन रामिरेसची वारसदार निर्माण केली नाही. 'ब्रोकन लान्स'मध्ये ती स्पेन्सर ट्रेसीची कोमांची जमातीची पत्नी आहे. गावकरी तिला 'सिन्योरा' म्हणतात. जमीनदाराची पत्नी मूळनिवासी आहे हे उघड मानण्यापेक्षा तिला मेक्सिकन समजणे त्यांना सोयीचे वाटते. एक मेक्सिकन अभिनेत्री मूळनिवासी स्त्री साकारते आणि ती स्त्री मेक्सिकन म्हणून खपवली जाते. पुन्हा एकदा पात्राला स्वतःचे नाव नाही.

१४/
या चित्रपटाचा दिग्दर्शक एडवर्ड डिमिट्रिक. त्याच समितीपुढे आधी मौन पाळून त्याने तुरुंगवास भोगला आणि १९५१ साली सहकाऱ्यांची नावे सांगून तो पुन्हा कामाला लागला. नकार देणाऱ्या लेखकाच्या चित्रपटात हुरादोला गोल्डन ग्लोब, नावे सांगणाऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात ऑस्कर नामांकन. ते ऑस्कर अखेर 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी ईव्हा मेरी सेंटला मिळाले. त्याचा दिग्दर्शक एलिया कझान हाही नावे सांगणाऱ्यांपैकीच.

१५/
देल रिओला पुढे अमेरिकेचे दार पुन्हा उघडले. १९६०च्या 'फ्लेमिंग स्टार'मध्ये तिला भूमिका मिळाली. कोणती? गोऱ्या पुरुषाची कायोवा पत्नी आणि एल्विस प्रिस्लीच्या नायकाची आई. सहा वर्षांपूर्वी जी जागा तिला नाकारली गेली, तीच जवळजवळ तशीच तिच्यापुढे ठेवण्यात आली. अभिनेत्री बदलत होत्या. चौकट तीच होती.

१६/
हुरादो मात्र मेक्सिको आणि हॉलिवूड यांच्यात ये-जा करत काम करीत राहिली. 'ट्रॅपीझ', मार्लन ब्रँडोचा 'वन-आइड जॅक्स', अमेरिकी टीव्हीवरील वेस्टर्न मालिका. १९७३ साली सॅम पेकिनपाच्या 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'मध्ये ती पतीसोबत बंदूक घेऊन चकमकीत उतरते. पती जखमी होऊन नदीकाठी जातो. ती काही अंतरावरून त्याला मरताना पाहते. दोघे केवळ एकमेकांकडे पाहतात आणि प्रसंग पूर्ण होतो. संवादांचे ध्वनी पाठ करून आलेल्या अभिनेत्रीला इथे शब्दांची गरजच उरली नव्हती.

१७/
१९८१ साली तिचा मुलगा मोटार अपघातात गेला. १९८४ साली ती जॉन ह्यूस्टनच्या 'अंडर द व्होल्केनो'मध्ये दिसली, आणि त्याच वर्षी 'ए.के.ए. पाब्लो' या अमेरिकी विनोदी मालिकेत मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबाची आई झाली. १९९६-९७मध्ये 'ते सिगो आमांदो' या मालिकेतून ती मेक्सिकोच्या घराघरांत पोचली. ५ जुलै २००२ रोजी कुएर्नावाका येथे तिचे निधन झाले.

१८/
पहिलेपणाच्या याद्यांत केटी हुरादोचे नाव येतेच. त्या नावापुढे दोलोरेस देल रिओला नाकारलेली परवानगी आणि फोरमनने सोसलेला देशत्याग हेही वाचावे. त्याने तिचे श्रेय उणावत नाही. संशयाच्या काळात, दुसऱ्यांनी आखलेल्या अरुंद जागेत, परक्या भाषेत तिने एका मेक्सिकन स्त्रीला मान ताठ ठेवून उभे केले. 'हाय नून' पुन्हा पाहताना घड्याळाबरोबरच हेलन रामिरेसकडेही लक्ष असू द्यावे.

(समाप्त)