थेटफर्डची पत्रं

केंब्रिज, गुरुवार

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

लेकीकडे सगळे खुशाल आहेत. इथे जेवणं लवकर आटोपतात आणि मग आम्ही ‘डॅड्स आर्मी’ लावून बसतो. बीबीसीची ही विनोदी मालिका १९६८ ते १९७७ या काळात चालली. एकूण ८० भाग, लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. तुला नाटकाचं वेड, म्हणून सविस्तर लिहिते.

काळ १९४०चा. जर्मन फौजा कधीही इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतील अशी धास्ती होती. १४ मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून स्वयंसेवकांना हाक दिली आणि त्यातून ‘होम गार्ड’ उभं राहिलं. मालिकेतली तुकडी वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावातली. बँकेचा मॅनेजर मॅनरिंग हा कॅप्टन, त्याच्याच बँकेतला हेडक्लार्क विल्सन सार्जंट, खाटीक जोन्स लान्स कॉर्पोरल. मॅनरिंग कष्टाने वर आलेला, तर विल्सन घराण्याने मोठा आणि हाताखाली राबणारा. विल्सन नुसती भुवई उचलतो आणि साहेबाचा तोल जातो. आर्थर लो आणि जॉन ल मेझुरिअर यांचं हे नातं पाहताना हसून पुरेवाट होते.

पण माझा जीव जडलाय तो तुकडीतल्या म्हाताऱ्या गॉडफ्रीवर. ‘ब्रँडेड’ नावाच्या भागात कळतं, की पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. सगळी तुकडी त्याच्याशी बोलणं टाकते. पुढे धुराने कोंदलेल्या खोपटातून मॅनरिंगला बाहेर काढतो तो हाच. मग त्याची बहीण सांगते, की रणांगणावर जखमींना उचलून आणल्याबद्दल त्याला शौर्यपदक मिळालं होतं. गॉडफ्रीचं काम करणारे अर्नोल्ड रिडली स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत जबर जखमी झाले होते. हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा पाहिला.

मालिकेचं बाहेरचं चित्रीकरण ज्या गावात झालं ते थेटफर्ड इथून आगगाडीने जवळच आहे. शनिवारी जाते आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
ताई

थेटफर्ड, शनिवार

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

नदीकाठच्या बाकावर बसून लिहिते आहे. लिटल ऊझ नदी संथ वाहते. जवळच दुसऱ्या बाकावर कॅप्टन मॅनरिंग ब्राँझमध्ये बसला आहे. २०१० साली बसवलेला हा पुतळा. शेजारी जागा मोकळी आहे, माणसं तिथे बसून फोटो काढतात. गिल्डहॉलच्या मागे मालिकेचं छोटं संग्रहालय आहे. गावातले स्वयंसेवक ते चालवतात आणि प्रत्येक फोटोमागची हकिगत जिव्हाळ्याने सांगतात.

गाव जुनं आहे. घरांच्या भिंतींत गारगोटीचे दगड बसवलेले. बाराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या मठाचे अवशेष अजून उभे आहेत. आणि दादा, किंग स्ट्रीटवर हातात लेखणी आणि पुस्तक घेतलेला सोनेरी पुतळा आहे थॉमस पेनचा! १७३७ साली तो याच गावात जन्मला. हातातलं पुस्तक ‘राइट्स ऑफ मॅन’. तेच पुस्तक १८४७च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचलं आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात आपण लहानपणापासून जातो. तिथल्या विचाराचा एक झरा इथे उगम पावला, हे कळल्यावर मला परकं वाटेना.

नदीतल्या बेटावर पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांचा घोड्यावर स्वार पुतळा आहे. १८४९मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. पुढे त्यांना इंग्लंडला आणलं. जवळच्या एल्व्हडनला ते राहिले आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. त्यांचा मुलगा फ्रेडरिक याने ट्यूडर काळातलं एक सुंदर घर गावाला देऊन टाकलं. त्यात आज संग्रहालय आहे. ज्या सत्तेने राज्य हिरावलं, तिच्याच गावाला हे दान! मी त्या घराच्या कोरीव तुळयांखाली बराच वेळ उभी होते.

कल्पनेतला बँक मॅनेजर, राजसत्तेला आव्हान देणारा लेखक आणि राज्य गमावलेला राजा, तिघांनाही या गावाने मानाची जागा दिली आहे. म्हणूनच ती मालिका इथे शोभते. माणसाच्या तोऱ्याला हसायचं आणि त्याच्या धैर्याला मान द्यायचा, हे ती एकाच वेळी करते.

इंग्लंडला येणाऱ्या आपल्या लोकांना आवर्जून सांग, लंडनमधला एक दिवस कमी करा आणि थेटफर्डला या. निघण्याआधी ‘ब्रँडेड’ मात्र पाहून घ्या.

तुझी,
ताई