पट्टीवरचं नाव

आमच्याकडे पुरंदरात मेथी-कोथिंबीर म्हणजे बायकांचं काम. खुरपायचं त्यांनी, उपटायचं त्यांनी, जुड्याही त्यांनीच बांधायच्या. पुरुष फवारा मारतात आणि रात्री टेम्पो भरतात. माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते ती ह्यांच्या, माझ्या नवऱ्याच्या नावाने.

पालेभाजीला काटा नसतो, शेकड्याचा भाव. एकदा मेथी सहाशेने गेली, म्हणजे जुडीला सहा रुपये. त्यातून टेम्पोचं भाडं गेलं. त्याच आठवड्यात पुण्याच्या नणंदेने फोनवर सांगितलं, जुडी वीसला घेतली. मी म्हटलं, दोन पोती मी घेऊन जाते.

पहाटेची स्वारगेट एसटी धरली. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून हे परवडतं. पोत्यांचं लगेज मात्र कंडक्टर वेगळं फाडतो. स्टँडवरून मुकुंदनगरच्या बाजूला जाऊन गोणपाट पसरलं. जुलै 2016 पासून फळं-भाजी बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक आहे. बसायचं कुठे, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की गोणपाट गुंडाळायचं. पाणी कमीच प्यायचं, कारण जायची वेळ आली तर माल कुणाच्या भरवशावर सोडणार? दुपारी मेथी माना टाकते, मग वीसची जुडी दहाला, शेवटी पाचला. संध्याकाळी मेट्रोतून उतरणाऱ्या नोकरदार बायका निवडलेली भाजी मागतात, ती कुठून आणू!

सगळं वजा जाता यार्डापेक्षा जास्त सुटले, दीडपटीच्या आसपास. माझी मजुरी त्यात धरलेली नाही. थेट विक्रीने शेतकरी मालामाल होतो असं भाषणात ऐकलं की मला हसू येतं. पन्नास-साठ जुड्या अशा खपतील. हजार निघाल्या की यार्डच.

पण पैसे माझ्या हातात आले, आणि पोरीच्या क्लासची फी कुणाला न विचारता भरली. त्याची चटक लागली म्हणा. पुढच्या खेपेला यार्डात ह्यांच्याबरोबर गेले आणि गाळ्यावर सांगितलं, पट्टी माझ्या नावाने करा. दिवाणजी माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघत राहिला. हे म्हणाले, "लिहा की, माल तिचाच आहे."

पट्टीला सातबारा लागत नाही, पीककर्जाला लागतो. सातबाऱ्यावर मी कुठेच नव्हते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढे बायकोच्या नावे जमीन करायची लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली, आणि 1992 मध्ये सरकारने नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. इतकी जुनी सोय, आणि आमच्या वस्तीवर कुणाला ठाऊक नव्हती. आम्ही अर्ज दिला. अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो, तेव्हा हे वाचणाऱ्या शेतकरी दादांनो, एकदा तलाठ्याकडे जाऊन या.