निमित्तावांचून तंजावर

आमच्या घराण्यांत प्रवासास निमित्त लागत असे. लग्न, मुंज, बाळंतपण, कुलस्वामीचें दर्शन, नाहींतर कुणाचें दिवसकार्य. यांपैकीं कांहींच नसलें तर ट्रंक माळ्यावरून खालीं उतरत नसे. पुढें मुलें झालीं आणि निमित्त तेवढें बदललें. वीस-बावीस वर्षें आम्हीं जें कांहीं पाहिलें तें त्यांच्या मे महिन्याच्या सुटींत, ऐन उन्हांत, दर स्टेशनावर डोकीं मोजीत पाहिलें. वेरूळचें कैलास लेणें म्हटलें कीं आम्हांस अजून आधीं धाकट्याचा हरवलेला बूट आठवतो, मग शिल्प. आतां थोरली स्टुटगार्टला आहे, धाकटा सिॲटलला. त्यांच्या सुट्या आमच्या पंचांगाशीं जुळत नाहींत.

गेल्या पौषांत आम्ही उभयतां तंजावरास जाऊन आठ दिवस राहिलों. बेत कळतांच "रामेश्वर उरकून येणार असाल," असें घरांतल्या वडीलधाऱ्या काकूंनीं गृहीत धरलें. तें नाहीं म्हटल्यावर "मग तिकडे आपलें कोणी आहे का?" असा प्रश्न आला. तेंही नाहीं म्हटल्यावर काकू गप्प झाल्या, आणि त्या गप्प बसण्यांत पुष्कळ अर्थ होता. मुलें मार्गाला लागल्यावर काय करावें याची व्यवस्था आपल्या पूर्वजांनीं लावून ठेवली आहे: वनांत जावें, नाहींतर काशीस जावें. केवळ मौजेखातर कावेरीच्या मुलखांत जाऊन कॉफी पीत बसावें, अशी सोय कोणत्याही स्मृतींत नाहीं.

आमची धास्ती मात्र निराळीच होती. तीस वर्षें आमचें बोलणें मुलांच्या वाटेनें चालत आलें होतें: फी, ताप, परीक्षा, पुढें व्हिसा. घरीं शेजारपाजार, भाजीवाला, येणारेजाणारे यांच्या आधारानें दिवस निघतो. परक्या गांवांत, एका खोलींत, आठ दिवस दोघांनीं बोलावें तरी काय? हा प्रश्न आम्हीं दोघांनींही मनांत वागविला आणि एकमेकांस विचारला नाहीं. भरल्या एकत्र घरांतील वाचकांस हें विचित्र वाटेल, कारण नवराबायकोस चार शब्द बोलावयास सवड मिळत नाहीं ही त्यांची तक्रार. आमच्याकडे सवड फार होती, हीच अडचण.

पुण्याहून चेन्नईस वीसएक तास लागतात. तेथें एळुंबूर स्टेशनावर रात्रीची गाडी धरली कीं पहांटे कुंभकोणम् ओलांडून तंजावर. मेट्टूरच्या धरणाचें पाणी जानेवारीच्या अखेरीस बंद करण्याचा शिरस्ता असल्यामुळें पौषांत गेलेल्यास कालवे वाहते सांपडतात आणि शेतांत भाताची कापणी चाललेली दिसते. मे महिन्यांत जाऊं नये, हें आम्ही अधिकारवाणीनें सांगूं शकतों.

बृहदीश्वराचें देऊळ राजराज चोळानें बांधविलें. तें १०१० सालीं पुरें झालें. गाभाऱ्यावरचें विमान सुमारें २१६ फूट उंच, सगळें ग्रॅनाइटचें, आणि हा दगड त्या सपाट मुलखांत मिळत नसल्यामुळें दुरून वाहून आणलेला. दुपारीं देऊळ मिटतें, आणि मिटण्यापूर्वींच फरसबंदी पाय भाजूं लागते. म्हणून उजाडतां उजाडतां जावें. मुलें बरोबर असतीं तर दीड तासांत देऊळ 'झालें' असतें. आम्ही तेथें पांच दिवस सकाळीं गेलों.

भिंतींच्या पायथ्याशीं तामिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. राजानें देवास दिलेल्या वस्तूंची ती जंत्री. आम्हांस ती लिपी येत नाहीं, परंतु हातांतल्या पुस्तकांत भाषांतर होतें. दागिने, दिवे, गायी यांच्या याद्या आम्हीं भराभर उलटल्या आणि एका यादीपाशीं थांबलों. निरनिराळ्या गांवच्या देवळांतून येथें सेवेसाठीं आणलेल्या ४०० नर्तकींचीं नांवें त्या लेखांत आहेत. कोणत्या आळींत कितवें घर कोणाचें, ती मूळ कोणत्या देवळाची, सगळें नमूद आहे. आणि प्रत्येक वांट्यास दरसाल १०० कलम भात. "घर सोडून आलेल्या चारशें मुलींचीं नांवें दगडावर राहिलीं, त्यांच्या आयांचीं नाहींत," असें आमच्यांपैकीं एकीनें म्हटलें. दुसऱ्यानें त्यावर कांहीं म्हटलें नाहीं. सिॲटलचा फोन तीन दिवस आला नव्हता.

याच देवळाच्या आवारांत नैर्ऋत्येच्या बाजूस भिंतीवर आपल्या बाळबोध अक्षरांत कोरलेला मराठी लेख आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं १६७५ मध्यें तंजावर घेतलें. १८५५ मध्यें शेवटचे राजे पुत्रावांचून वारले आणि कंपनीनें तें राज्य संपविलें. मधल्या काळांतले सरफोजी (दुसरे) १७९८ मध्यें गादीवर बसले आणि १७९९ च्या तहानें मुलखाचा कारभार कंपनीच्या हातीं गेला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८०३ मध्यें, त्यांनीं आपल्या भोसले घराण्याची सारी हकीकत या भिंतीवर खोदविली. राज्य उरलें नाहीं, तेव्हां घराण्याची कथा तरी आपल्या भाषेंत दगडावर असावी, असें त्यांच्या मनांत असावें. हा तर्क आमचा आहे. आम्ही बोट फिरवीत, अडखळत, मोठ्यानें वाचूं लागलों. शाळेची एक सहल थांबली. "ही कोणती भाषा?" असें मास्तरांनीं इंग्रजींत विचारलें. या राजांची, असें आम्हीं सांगितलें, आणि मग ती आमच्या घरची आहे हेंही सांगितलें. मुलांना दुसऱ्या गोष्टीचें नवल अधिक वाटलें.

सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल लिहावें तितकें थोडें. संस्कृत आणि तामिळ ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखितें सुमारें तीन हजार, शिवाय मोडी दप्तर. सरफोजींनीं नेत्ररोग्यांचीं टिपणें डोळ्यांच्या चित्रांसह ठेवविलीं, देवनागरी छापखाना काढला, आणि इसापच्या गोष्टींचें मराठी पुस्तक तेथें १८१० च्या आधींच छापलें गेलें. नाटकाचें म्हणाल तर आपण सांगलीच्या १८४३ सालच्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजावयास लागतों. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) त्याच्या सुमारें दीडशें वर्षें आधीं तंजावरांत मराठी नाटकें रचीत होते. शाळेच्या पुस्तकांत हें ठळक अक्षरांत असावयास हवें. सांबार हें संभाजीराजांच्या नांवानें झालें, असेंही तेथें चवीनें सांगतात. ती आख्यायिका आहे, पण सांबार उत्तम होतें.

ग्रंथालयांत भेटलेल्या एका वृद्ध सद्गृहस्थांनीं आम्हांस घरीं नेलें. तेथील मराठी ब्राह्मणांस तामिळ लोक 'रायर' म्हणतात. कुंभकोणम्‌ला १८२८ मध्यें जन्मलेले टी. माधवराव अशाच घराण्यांतले. ते आधीं त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले, हें त्या गृहस्थांनीं आम्हांस नात्यांतल्या माणसाविषयीं सांगावें तसें सांगितलें. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत. त्यांची मराठी तामिळच्या हेलकाव्यावर चालते, आणि आपण केवळ जुन्या पोथींत पाहिलेले शब्द त्यांच्या तोंडीं रोजचे आहेत. महाराष्ट्र त्यांनीं एकदांच पाहिला, पंढरपुरापुरता. स्वैंपाकघरांत आणि देवापुढें तामिळ बोलावयाचें नाहीं, असा त्यांच्या सासूबाईंचा दंडक होता. पुढें शाळा आली, टीव्ही आला; आतां दंडक देवापुरता उरला आहे. बाजारहिशेबाचे आकडे मात्र त्या तामिळांतच मोजतात.

"मुलें कोठें असतात?" त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें. त्यांचे दोन मुलगे चेन्नईस, एक नातू अमेरिकेंत. "आणि तुमची नात काय बोलते?"

आमची नात घरांत मराठी बोलते आणि बाहेर जर्मन. आतां रुसली कीं जर्मनमध्यें रुसते. तें ऐकून आजी हंसल्या. "आमच्याकडे साडेतीनशें वर्षें लागलीं," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हांक मारून आमच्यासाठीं आणखी एक वांटी आमटी मागविली. त्या वाक्यांत समाधान होतें कीं सूचना, यावर आम्ही त्या रात्रीं बारा वाजेपर्यंत बोलत बसलों.

तिसऱ्या दिवसापासून एक क्रम आपोआप पडला होता: देवळांतून परतल्यावर दिवसभर निरनिराळें फिरावयाचें आणि सायंकाळीं पितळी टंबलरांतली फिल्टर कॉफी घेत एकमेकांस सांगावयाचें. आमच्यांपैकीं एकजण मोडी वाचीत बसला. दुसरी एके दिवशीं एकटीच बसनें कुंभकोणम्‌जवळच्या स्वामीमलैस जाऊन आली. लग्न झाल्यापासून ती परगांवीं एकटी गेली नव्हती. मुलाचा डबा, सासऱ्यांचें औषध, कांहीं ना कांहीं मागें असेच. तेथें धातूचे देव ओततात. आधीं मेणाची मूर्ति घडवावयाची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे बारीक मातीचे थर द्यावयाचे, वाळल्यावर तापवून मेण वाहूं द्यावयाचें आणि त्या पोकळींत वितळलेला धातु ओतावयाचा. मूर्ति काढतांना सांचा फोडावाच लागतो, म्हणून तशीच दुसरी होत नाहीं. मेण वाहूं लागलें तेव्हां तेथें असलेल्या सगळ्या बायका बोलावयाच्या कशा थांबल्या, हें सांगण्यास तिनें एक तास घेतला, आणि तो तास मोडीपेक्षां चांगला गेला.

शेवटच्या दिवशीं आम्ही तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारुला गेलों. तेथें १८४७ मध्यें वारलेल्या त्यागराजस्वामींची समाधि आहे. ती बांधून काढण्यास बेंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनें स्वतःचा पैसा वेंचला, आणि बायकांना तेथें गाण्याची मुभा नव्हती ती मिळवून दिली. तिची स्वतःची समाधि त्यांच्या समोरच आहे. उत्सवाचे दिवस नव्हते, म्हणून गर्दी नव्हती. एक मुलगी एकटीच बसून पुनःपुन्हां तीच ओळ घोळीत होती. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलों. तंजावरची एक बस गेली, मग दुसरी गेली. तिसरी आली तेव्हांही आमचें बोलणें अर्ध्यावरच होतें.