बाहेरचा गुडघा

वळणावर खडी होती, असं मी घरी सांगितलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी, पुण्याला गेले होते. भावाची मोटरसायकल घेऊन, अकरा वर्षांच्या लेकीला मागे बसवून ताम्हिणी घाटातून कोकणात उतरत होते. एका उजव्या वळणावर गाडी बाहेर बाहेर जात डावीकडच्या कठड्याला घासली आणि आडवी झाली. वेग 40च्या आसपास. मला नुसतं खरचटलं, लेकीचं मनगट मोडलं. खडीवर सगळ्यांचा विश्वास बसला. आपल्या घाटांत खडी कधी नसते?

त्या दिवशी नव्हती. मी कठड्याकडे बघत राहिले होते आणि हँडल गच्च धरलं होतं. जिकडे नजर, तिकडे गाडी गेली.

चार वर्षांनी, शेहेचाळिसाव्या वर्षी, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मी भाड्याच्या लेदर सूटमध्ये घामाघूम होऊन उभी होते. आम्ही चेन्नईतच राहतो, मी तमिळमधून मराठीत भाषांतरं करते. हा ट्रॅक 1990 पासून आहे, पण तिकडे फिरकायचं मला कधी सुचलं नव्हतं. 3.7 किलोमीटरची फेरी, 12 वळणं. समोरून ट्रक येत नाही आणि कडेला कठडा नाही. आपली भीती नीट बघायची तर जागा चांगली.

पहिला तास गाडी स्टँडवर, जागच्या जागी. शिकवणारा मुलगा तिशीतला, मला अक्का म्हणायचा. वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच, अर्धं बूड सीटवरून आतल्या बाजूला सरकवायचं. पायाचा चवडा फूटरेस्टवर, आतला गुडघा उघडा. छाती खाली आणि आत, हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेनं, नजर वळण संपतं तिथे. कारण साधं आहे. ठरावीक वेगाला, ठरावीक वळणावर, गाडी आणि माणूस मिळून किती कलायचं हे ठरलेलं असतं. माणसाचं वजन आत गेलं की गाडीला तेवढं कमी कलावं लागतं आणि फूटरेस्ट जमिनीला टेकायला अवकाश राहतो.

फोटोंत दिसतो तो रस्त्याला घासणारा आतला गुडघा. 1970 च्या दशकात यार्नो सारिनेन आणि त्याच्यामागून केनी रॉबर्ट्स यांनी तो जगाला दाखवला. पण माणूस गाडीवर टिकतो तो दुसऱ्या, बाहेरच्या गुडघ्यावर. तो पेट्रोलच्या टाकीत रुतवायचा, खालून चवड्यानं रेटा द्यायचा आणि अख्खं शरीर त्या मांडीवर टांगायचं. म्हणजे हात मोकळे राहतात.

"आता कोपरं कोंबडीसारखी हलवा," तो म्हणाला. मला हलवता येईनात. उभ्या गाडीवरसुद्धा मी हँडलला लोंबकळत होते.

ट्रॅकवर तेच. उजव्या वळणात शिरताना उजवं हँडल हलकेच पुढे ढकललं की गाडी उजवीकडे कलते. तेवढं जमत होतं. पण कलल्यावर पुढचं चाक स्वतःला सावरत असतं, रस्त्याचा प्रत्येक उंचवटा बारीक बारीक हालचालींनी पचवत असतं. माझे ताठ हात त्याला ते करू देत नव्हते. गाडी थरथरायची, मी आणखी घट्ट धरायची. प्रत्येक फेरीत, कुठल्या ना कुठल्या वळणावर, नसलेला कठडा मला दिसायचा.

तिसऱ्या सत्रानंतर त्या मुलानं माझ्या मनगटांवर टिचक्या मारल्या. "कैयै विडुंग, अक्का." हात सोडा.

'विडु' म्हणजे सोड. पण तमिळमध्ये हेच क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला लागलं की काम तडीस नेण्याची खूण होते. 'सेय्दुविडु' म्हणजे करून टाक. मराठीतही कोणी आपल्याला हैराण करून 'सोडतं', तेव्हा काहीच अर्धवट राहिलेलं नसतं. हे मी वीस वर्षं वाक्यांमध्ये बघत आले आहे, तरी भाषांतर करताना मूळ वाक्य गच्च धरून बसायची माझी सवय जात नाही. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शब्दामागे शब्द ठेवत गेलं तरी वाक्य उभं राहतं. फक्त वळत नाही.

शेवटच्या सत्रात मी एकच गोष्ट केली. बाकी सगळं विसरून डावा गुडघा टाकीत रुतवला आणि उजव्या वळणात गाडी कलली की बोटं सैल केली. पहिल्या दोन फेऱ्यांत जमलं नाही. तिसऱ्या फेरीत एका वळणावर हँडल माझ्या तळव्यांत आपोआप हलल्यासारखं वाटलं आणि गाडी आखल्यासारखी वळून बाहेर पडली. वेग फार नव्हता. गुडघाबिडघा जमिनीला टेकला नाही. पण त्या वळणावर मला कठडा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना डावी मांडी भरून आली होती, मनगटं मात्र दुखत नव्हती. मांडीला तेल चोळत बसले असताना लेकीला म्हटलं, "त्या दिवशी ताम्हिणीत खडी नव्हती. मी कठड्याकडे बघत होते."

मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, "माहितेय. मागेच होते ना मी."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग आता कुठे बघतेस?"

"वळण संपतं तिथे."

ती अजून माझ्या मागे बसलेली नाही. बस म्हणून मी म्हटलेलंही नाही.